झेनॉननं भरलेलं पाणी

चर्चमधून परतताना ओरिसियानं गाडी गल्लीत वळवली, तर घरासमोर नेस्टरची निळी पिकअप उभी. नेस्टर म्हणजे तिचा धाकटा दीर. त्याला तिनं उद्या, सोमवारी, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणाला बोलावलं होतं. टर्की अजून फ्रीजमध्ये दगड होऊन पडली होती. "याला वार तरी कळतात की नाही?" असं ती पुटपुटली, आणि तेवढ्यात तिला गॅरेजपुढच्या खडीवरची ओल दिसली.

पाऊस तर आठवडाभर नव्हता. ओल निघाली होती तिथं उभ्या ट्रेलरच्या, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायच्या फिरत्या घराच्या, पोटाखालून, आणि उतारानं वाहत पार रस्त्याकडेच्या गटारापर्यंत गेली होती. गाडी अर्धी दारात अर्धी रस्त्यात तशीच सोडून ती चर्चच्या बुटांनिशी खडीवरून धावली आणि ट्रेलरच्या दारावर तिनं थाप मारली.

"नेस्टर! मेल्या, काय केलंस तू?"

दार उघडलं. बाह्या वर सारलेल्या, गुडघ्यांना धूळ, आणि चेहऱ्यावर शाबासकी मागणारं हसू. सत्तरीला आलेला माणूस, पण काही काम केलं की अजून असाच उभा राहायचा.

"आलीस वहिनी? बरं झालं. टाकी रिकामी करून टाकली बघ. आज रात्री उणे नऊ होणारे, रेडिओवर सांगितलं. पाईप फुटले असते सगळे."

"कुणाला विचारून?"

"आता यात विचारायचं काय?"

"माझ्या दारात, माझ्या गाडीची टाकी, मी चर्चमध्ये असताना! आणि तेही रविवारी! चोर तरी रात्रीची वाट बघतो रे."

"अगं, पण पाणीच ते..."

ओरिसियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला पुष्कळ काही बोलायचं होतं, पण जे बोलायचं ते ऐकून कुणीही हिला वेड लागलं म्हटलं असतं. म्हणून ती तशीच वळली. घरात गेली आणि दार असं आपटलं की शेजारची कुत्री भुंकायला लागली.

आता कुणी म्हणेल, टाकीभर पाण्यासाठी एवढा थयथयाट? तर त्या पाण्याची गोष्ट सांगायला हवी.

ओरिसियाचा नवरा झेनॉन. माणूस तसा शहाणा, पण पाण्याच्या बाबतीत अर्धवट. जगातले सगळे लोक ट्रेलर घेऊन सुट्टीवरून परतताना टाकी ओतून हलक्या गाडीनं घरी येतात. पेट्रोल वाचतं, चढ सोपा जातो. हा बाबा उलटं करायचा. दर उन्हाळ्यात सुट्टीला ते ज्या तळ्यावर जायचे, तिथून घरी येताना वाटेत एक जागा लागते. तिथं रस्त्याकडेच्या लोखंडी पाइपातून जमिनीतलं पाणी आपोआप उसळत असतं, उन्हाळा नाही की हिवाळा नाही. तिथं हा ट्रेलर थांबवायचा, नळी लावायचा आणि काठोकाठ टाकी भरायचा. मागे लोक बाटल्या घेऊन खोळंबलेले. "अहो, तुम्ही चाललात कुठं, घरीच ना?" असं कुणी विचारलं की म्हणायचा, "घरीच. पण चहा तिकडचा."

आणि खरंच, बर्फ पडेपर्यंत रोज संध्याकाळी दोघं घराच्या दारातच उभ्या असलेल्या ट्रेलरमध्ये जाऊन बसायची. घरात ऐसपैस स्वयंपाकघर सोडून! त्या एवढ्याशा शेगडीवर त्या पाण्याचा चहा. पाण्याला लोखंडाची चव होती, चहा काळाकुट्ट व्हायचा. पहिल्या वर्षी ओरिसिया म्हणाली होती, "हा चहा आहे की खिळ्यांचा काढा?" नंतर तिला दुसरा कुठला चहा गोड लागेना.

ट्रेलरला झेनॉन 'क्वोचका' म्हणायचा, म्हणजे खुडूक कोंबडी. एकदा बसली की हलायचं नाव नाही म्हणून. घेतली तेव्हाच ती जुनी होती. लेक लरिसा तेव्हा इतकी लहान की जेवायचं टेबल खाली पाडून त्यावर तिला झोपवायचे. तळ्यावर डास असे की लरिसाचे गाल पोळीसारखे फुगायचे. झेनॉन पहाटे मासे धरून आणायचा आणि ते साफ करायची वेळ आली की हटकून त्याच्या पाठीत उसण भरायची. पावसाचे दिवस पत्ते खेळण्यात जायचे आणि तो उघडउघड लबाडी करायचा, सापडला की म्हणायचा, "मी तुझी नजर तपासत होतो." ओरिसिया चिडायची, पण खोटं कशाला बोला, तिच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस त्या पत्र्याच्या डब्यातच गेले होते.

आणि दर वर्षी ऑक्टोबरात, थँक्सगिव्हिंगच्या सुमाराला, क्वोचकाला झोपवायचा कार्यक्रम. यात दोघांची कामं ठरलेली. झेनॉननं बाहेरच्या बाजूनं सगळं पाणी सोडायचं, मग पलंगाखाली डोकं घालून पंपाची नळी न गोठणाऱ्या गुलाबी पाण्याच्या कॅनमध्ये बुडवायची. ओरिसियानं नळापाशी उभं राहायचं. एकेक नळ उघडायचा. आधी साधं पाणी येतं, मग नळ शिंकतो, मग गुलाबी धार येते. ती आली की ओरडायचं, "गुलाबी!" पलंगाखालून आवाज यायचा, "पुढचा!" त्याचं काम तिनं कधी केलं नव्हतं, तिचं त्यानं. कधी गरजच पडली नाही.

या वर्षी ऑगस्टच्या शेवटी ते तळ्यावरून परत आले. टाकी भरून. त्याच आठवड्यात झेनॉनच्या छातीत कळ आली. इस्पितळात तो चांगला बोलत होता, नर्सची थट्टा करत होता. डॉक्टर म्हणाले, उद्या-परवा सोडू. म्हणून ओरिसिया त्याचा धुतलेला शर्ट आणायला घरी आली. शर्टाला इस्त्री केली. ती इस्त्री करायला थांबली नसती तर! परत गेली तेव्हा खोलीबाहेर नेस्टर टोपी हातात धरून उभा होता आणि त्याला मान वर करवत नव्हती.

शेवटच्या घडीला झेनॉनपाशी होता तो नेस्टर. ती नव्हती. त्याबद्दल तिनं त्याला आजवर एक शब्द विचारला नव्हता. अंत्यविधीनंतरच्या जेवणात तो जवळ येऊन म्हणाला होता, "वहिनी, तुला एक सांगायचं होतं..." तिनं त्याच्या हातात होलुब्त्सींची बशी ठेवली आणि पाठ फिरवली. कोबीच्या पानात गुंडाळलेला तो भात हातात घेऊन तो बराच वेळ तसाच उभा होता. तिला त्याचा राग होता. का, तर जी जागा तिची होती तिथं तो होता. यात त्याचा काय दोष? काहीच नाही. पण राग असा हिशोबानं थोडाच येतो.

मग उरलं ते टाकीतलं पाणी. झेनॉननं शेवटचं भरलेलं. तिनं त्यातला एक कपही घेतला नाही. रोज म्हणायची, उद्या चहा करीन; रोज हात मागे यायचा. थंडी पडायला लागली तशी तिनं गॅरेजमधून वायर ओढली आणि ट्रेलरमध्ये खोली तापवायचा छोटा हीटर लावून ठेवला. लरिसाला फोनवर कळलं तेव्हा ती म्हणाली, "आई, तू रिकामी गाडी उबेत ठेवतेस आणि स्वतः घरात दोन स्वेटर घालून बसतेस?" ओरिसिया म्हणाली, "मला स्वेटर आवडतात." तिलाही कळत होतं की हे फार दिवस चालायचं नाही. कडाक्याची थंडी आली की तो चिमुकला हीटर काय पुरा पडणार? पाणी सोडावं तर लागणारच होतं. पण ते तिला स्वतःच्या हातानं सोडायचं होतं. एकदा तरी, निरोप तिला स्वतः द्यायचा होता. आणि तिथंही हा मेला तिच्या आधी जाऊन उभा!

ती स्वयंपाकघरात टर्कीकडे बघत बसली. रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. खिडकीतून ट्रेलर दिसत होता. नेस्टर आत-बाहेर करत होता. पंप चालू करून पलंगाखाली डोकं घालायचा, मग धावत जाऊन नळ उघडायचा, पुन्हा धावत पंपाकडे. नेस्टर आयुष्यभर शाळेची बस चालवायचा. ट्रेलरमध्ये एक रात्र काढली नव्हती त्यानं. तंबू-बिंबू म्हणजे पैसे देऊन भोगायची गरिबी, असं त्याचं मत. आणि निघाला क्वोचकाला झोपवायला. उंटावरचा शहाणा!

आकाश स्वच्छ निळं होतं. असं आकाश असलं की रात्री मरणाची थंडी पडते, हे तिला रेडिओनं सांगायला नको होतं. पाणी तर गेलंच होतं. आता निदान गाडी तरी फुटू द्यायची नाही. ती उठली, झेनॉनचं जुनं जाकीट चढवलं आणि बाहेर गेली.

"सरक," ती ट्रेलरमध्ये चढत म्हणाली. "नळावर मी. तू पंपापाशी मर."

"वहिनी, रागावलीस ना?"

"नाही, आरती ओवाळते तुला. जा पलंगाखाली."

तो निमूटपणे गेला. त्याचे बूट तेवढे बाहेर राहिले. झेनॉनचेही असेच दिसायचे. फक्त झेनॉनच्या बुटांच्या नाड्या कधी बांधलेल्या नसायच्या.

"चालू करू?"

"कर."

पंप घरघरला. तिनं स्वयंपाकाच्या सिंकचा गार नळ उघडला. नळ फुरफुरला, शिंकला आणि गुलाबी धार आली. "गुलाबी!" ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"मग आता काय करू?"

"'पुढचा' म्हणायचं असतं."

"पुढचा!"

न्हाणीघरातला गार नळ. गुलाबी. संडासाचं पाणी. गुलाबी. सगळं कसं शहाण्यासारखं चाललं होतं. मग ती सिंकपाशी परत आली आणि गरम पाण्याचा नळ उघडला. साधं पाणी आलं. ती थांबली. पाणी येतच राहिलं, मोकळं, भरघोस, स्वच्छ.

"गुलाबी?" पलंगाखालून विचारणा झाली.

"नाही अजून."

"अगं, हा कॅन संपला की. दुसरा लावतो." खुडबुड झाली. "आता?"

"नाही रे. साधंच येतंय."

"असं कसं? मी इकडून रंगीत पाठवतोय आणि तिकडून पांढरं निघतंय? जादूचे प्रयोग चाललेत का?"

"तूच काहीतरी धोंडा घातला असशील. झेनॉनला कधी असा वेळ लागला नाही."

"झेनॉनला, झेनॉनला! मग झेनॉनलाच बोलाव," नेस्टर वैतागून म्हणाला, आणि बोलल्यावर त्याचे बूट एकदम स्थिर झाले. "वहिनी... तसं नव्हतं म्हणायचं मला."

ओरिसिया धारेकडे बघत होती. एवढं पाणी येतंय कुठून? टाकी तर रिकामी. तिनं धारेखाली बोट धरलं आणि जिभेला लावलं.

लोखंड.

तिनं झटकन नळ बंद केला. मग ती दारात गेली आणि वाकून बाहेर पाहिलं. खडीवर ओल होती ती फक्त मधोमध, टाकीखाली. दर वर्षी दोन ठिकाणी ओल असायची. दुसरी डाव्या अंगाला, त्या छोट्या झाकणाखाली, जिथं झेनॉन पाना घेऊन गुडघ्यावर बसायचा. तिथली खडी आज कोरडी ठणठणीत होती.

"नेस्टर, गीझर रिकामा केलास?"

"कसला गीझर?"

"पाणी तापवायचा रे! त्याचं बूच बाहेरून काढायचं असतं. आणि आत एक कॉक आहे, तो फिरवायचा असतो, म्हणजे गुलाबी पाणी गीझरमध्ये शिरत नाही. ते तुझे सगळे कॅन गीझरनं प्यायले, आणि वरून त्याच्या पोटातलं जुनं पाणी बाहेर ढकललं. तेच मी इथं मोरीत सोडत बसले!"

पंप थांबला. नेस्टर पलंगाखालून मागे सरकत बाहेर आला. तिला वाटलं, आता ओशाळून हसेल, काहीतरी विनोद करेल. पण त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तो पलंगाच्या कडेवर बसला आणि हातातल्या कॅनच्या झाकणाकडे बघत राहिला.

"गीझर," तो म्हणाला. "तेच सांगत होता तो."

"कोण?"

"झेनॉन."

ओरिसियाला पुढचं ऐकायचं नव्हतं. आणि आता ऐकल्याशिवाय राहवतही नव्हतं. ती समोरच्या बाकावर बसली.

"बोल," ती म्हणाली.

"तू शर्ट आणायला गेलीस ना, तेव्हा म्हणाला, 'नेस्टर, जवळ ये. यंदा मला उचलायला-वाकायला जमायचं नाही. क्वोचका तुला झोपवावी लागेल. ओरिसियाच्या भरवशावर राहू नकोस, ती पाणी सोडायची नाही. मी भरलंय ना, ती नुसती बघत बसेल आणि पाईप फुटतील. ती चर्चला गेली की जा आणि टाकी सोडून दे. ओरडेल तुझ्यावर. ओरडू दे.' असं म्हणाला आणि हसला."

"त्याला माहीत होतं?"

"काय माहीत होतं, देव जाणे. मी म्हटलं, अरे उद्या घरी येशील, तूच कर. तो म्हणाला, 'ऐक तर.' टाकीचा खटका कुठाय ते सांगितलं. कॅन गॅरेजमध्ये कुठं ठेवलेत ते सांगितलं. नळी कुठं लावायची ते दोनदा सांगितलं, मी मठ्ठ आहे म्हणून. मग म्हणाला..." नेस्टरनं हातातलं झाकण पलंगावर ठेवलं. "म्हणाला, 'आता गीझरचं नीट ऐक.' आणि थांबला. मला वाटलं, दम लागला असेल. मी वाट बघत बसलो, वहिनी. बराच वेळ वाट बघत बसलो, तो पुढचं सांगेल म्हणून."

बाहेर कुणाचं तरी पानं गोळा करायचं यंत्र घरघरत होतं.

"इतके दिवस बोलला का नाहीस?" तिनं विचारलं.

"जेवणाच्या दिवशी आलो होतो सांगायला. तू बशी दिलीस." त्यानं बाहीनं नाक पुसलं. "मग वाटलं, नकोच. तुला काय सांगू? मरताना माणूस बायकोचं नाव घेतो, देवाचं घेतो. तुझा नवरा गीझरचं सांगत होता, हे सांगू? दोनदा मनात आलं, चांगलंसं काहीतरी रचून सांगावं. पण मला खोटं नीट जमत नाही, तुला माहीताय."

ओरिसिया आधी हसली. मग ते हसू कुठं संपलं आणि रडू कुठं सुरू झालं ते तिचं तिलाही कळलं नाही. सप्टेंबर गेला, निम्मा ऑक्टोबर गेला, ते सगळं आत साठलेलं आता ढसाढसा बाहेर आलं. नेस्टर उठून तिच्याशेजारी बसला आणि तिच्या पाठीवर थोपटत राहिला.

"रडू नकोस गं. गीझरचंच बोलला, पण..."

"गप्प बस, गाढवा," ती रडतच म्हणाली. "गीझरचं नव्हता बोलत तो. पहिल्यापासून शेवटपर्यंत माझंच बोलत होता. तुला नाही कळायचं."

"नाही कळत," नेस्टरनं कबूल केलं.

थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले. ऊन कलायला लागलं होतं, खडीवर ट्रेलरची सावली लांब झाली होती. ती उठली. कपाटातून पाना काढला.

"दे इकडे, मी काढतो बूच," नेस्टर म्हणाला. "पाणी उडेल अंगावर. चर्चचे बूट आहेत तुझे."

"असू देत. तू फक्त इथं उभा राहा."

ती डाव्या बाजूला गेली, छोटं झाकण उघडलं आणि झेनॉन बसायचा तशी खडीवर गुडघे टेकून बसली. हे त्याचं काम तिनं कधी केलं नव्हतं. बूच घट्ट होतं. त्यानंच मागच्या वर्षी आवळलेलं. तिनं दोन्ही हातांनी जोर केला. ते हललं, मग सैल झालं आणि सुटून हातात आलं. पाण्याचा लोट बाहेर उसळला, फिकट गुलाबी, गारेगार. तिच्या बाह्या भिजल्या, बूट भिजले, मांडीवरचा स्कर्ट भिजला. ती मागे सरली नाही. दोन्ही हात तिनं धारेखाली धरले.

"मी शर्ट घेऊन आले होते रे," ती हळूच म्हणाली. "इस्त्री करून. निळा."

पाणी तिच्या बोटांवरून खडीत जात राहिलं. नेस्टरनं टोपी काढली होती. धार बारीक व्हायला लागली तशी ओरिसिया आणखी पुढे झुकली, अगदी त्या तोंडाशी कान नेला.

"बोल झेनॉन," ती म्हणाली. "पुढचं सांग. ऐकतेय मी."